समुद्रात तेल सांडलं तर बिल कुणाच्या नावावर?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे सुटलं ते दोन-तीन ठिकाणी भरून घेतलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

विषय आहे समुद्रातलं प्रदूषण आणि त्यासाठीच्या तयारीचा पैसा. घरी हे सांगितलं तेव्हा आमचे मोठे काका म्हणाले, "पोरी, समुद्र कुठं अन् आपलं केनवड कुठं? आपल्याले काय करा लागते त्याचं?" प्रश्न रास्त आहे. वाशिम जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. पण उत्तर शेवटी देते, आधी एक गोष्ट ऐका.

7 ऑगस्ट 2010. शनिवार सकाळ. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कंटेनरवाहू, झेंडा पनामाचा. तिच्यावर बाराशेच्या आसपास कंटेनर आणि स्वतःच्या इंजिनासाठी 2,600 टनांहून जास्त तेल. जहाज कललं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. काही शे टन तेल सांडलं. बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेल उरण, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत गेलं. मासळीला गिऱ्हाईक मिळेना. आणि भारतीय तटरक्षक दलाचं खास प्रदूषण नियंत्रणासाठी बांधलेलं पहिलं जहाज, 'समुद्र प्रहरी', दलात दाखल झालं ऑक्टोबर 2010 मध्ये. म्हणजे टक्करीनंतर दोन महिन्यांनी.

आता बिलाकडे येऊ. अशा वेळी पैसे देणारे तीन खिसे असतात.

पहिला खिसा जहाजमालकाचा, म्हणजे खरं तर त्याच्या विमा मंडळाचा. जो घाण करेल तो भरेल, हे तत्त्व आपल्याला माहीत आहे. पण त्याला एक मर्यादा घातलेली असते, आणि ती ठरते जहाजाच्या आकारमानावरून, झालेल्या नुकसानीवरून नाही. तुमचं शेत किती खरडून गेलं हे न बघता ट्रॅक्टर किती मोठा होता यावर भरपाई मोजावी, तसं. मालकाचा हात त्यात जाणूनबुजून असल्याचं सिद्ध झालं तरच मर्यादा तुटते. जहाजाच्या इंजिनाचं तेल सांडलं तर विमा सक्तीचा करणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारला 2015 मध्ये. चित्राच्या वेळी तो आपल्याकडे नव्हता.

दुसरा खिसा लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधीचा. हा मला आवडतो, कारण तो आपल्या वर्गणीसारखा चालतो. सभासद देशात जो कोणी वर्षाला दीड लाख टनांहून जास्त कच्चं किंवा जड तेल समुद्रमार्गे घेतो, त्याने टनामागे वर्गणी द्यायची. सरकार नाही, तेल घेणाऱ्या कंपन्या देतात. भारत मोठ्या वर्गणीदारांपैकी आहे. एका अपघाताला मालकाचा वाटा धरून 20.3 कोटी एसडीआरपर्यंत रक्कम मिळू शकते. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन. रुपयांत दोन हजार कोटींच्या वर जातं. पण मेख इथे आहे: हा निधी फक्त तेलवाहू टँकरच्या तेलासाठी. चित्रा कंटेनरवाहू होती. तिला हा खिसा बंदच.

तिसरा खिसा सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा.

लक्षात घ्या, पहिले दोन खिसे उघडतात ते सांडल्यावर. आधी तेल अडवायचे तरंगते अडसर विकत घ्यायला, माणसं शिकवायला, सराव करायला ते काही देत नाहीत. भरपाईलाही वेळ लागतो. 4 ऑगस्ट 2011 रोजी 'रॅक कॅरिअर' हे साठ हजार टन कोळसा घेतलेलं जहाज मुंबईसमोर बुडालं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजवाल्यांना 100 कोटी आणि कोळसावाल्यांना 5 कोटी भरायचा आदेश दिला ऑगस्ट 2016 मध्ये. पाच वर्षं! तोही आदेश, रोख नव्हे.

मग तयारी कोण करतं? 1996 पासून आपल्याकडे तेलगळती आपत्तीची राष्ट्रीय योजना आहे. समन्वय तटरक्षक दलाकडे. 700 टनांपर्यंतच्या गळतीला तोंड देण्याचं सामान बंदरांनी आणि तेल हाताळणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या पैशांनी ठेवावं, अशी तिची अपेक्षा. त्यापुढे तटरक्षक दल.

आता सीमा ओलांडू. मे 2021 मध्ये कोलंबोसमोर 'एक्स-प्रेस पर्ल' पेटली. प्लास्टिकच्या बारीक दाण्यांनी श्रीलंकेचा किनारा पांढरा झाला. आग विझवायला आपलं तटरक्षक दल धावलं, तीच 'समुद्र प्रहरी'ही गेली. चार वर्षांनी उलटं झालं. 25 मे 2025 रोजी कोचीसमोर 'एमएससी एल्सा 3' बुडाली. 640 कंटेनर, झेंडा लायबेरियाचा. तिच्यातले दाणे केरळात आले, तमिळनाडूत गेले आणि श्रीलंकेलाही लागले. केरळने 9,531 कोटींचा दावा लावला. उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तारण ठरवलं 1,227.62 कोटींचं. टँकर नसल्याने लंडनचा निधी इथेही नाही. धोकादायक मालासाठी वेगळा करार आहे, पण तो तेव्हा लागूच झालेला नव्हता.

शेजाऱ्यांनी मिळून तयारी करायचा कागद आहे. भारत, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान, मालदीव यांची तेल आणि रसायन गळतीची प्रादेशिक योजना आहे, त्यासाठीच्या सामंजस्य कराराला आपल्या मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजुरी दिली. त्यात एकमेकांना कळवणं आहे, मदतीला जाणं आहे. शेजारधर्म चांगलाच. पण शेजारधर्मावर दरवर्षी सामान विकत घेता येत नाही. युरोपीय संघात नागरी संरक्षणाच्या सामायिक निधीतून अपघाताच्या आधी पैसे मिळतात: दोन-तीन देशांच्या यंत्रणांनी एकत्र अर्ज करायचा, आणि संयुक्त आराखडा, प्रशिक्षण, सराव यासाठी अनुदान घ्यायचं. सामायिक समुद्र, म्हणून तयारीची सामायिक थैली. आपल्याला नेमकं हेच लागतं.

आता काकांचं उत्तर. एक, रिसोड तालुक्यातून वाहणारी पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि आपण नाल्यात टाकलेली पिशवी बंगालच्या उपसागराची वाट धरते. दोन, आपल्या डिझेलचं कच्चं तेल आणि पोटॅश बोटीने येतं. तीन, आणि हे महत्त्वाचं: आपल्या शेताच्या पैशाचंही गणित असंच आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवली. शंभर रुपये धरा. चाळीस मदतीला, तीस पुनर्बांधणीला, दहा तयारी आणि प्रशिक्षणाला. उरलेले वीस धोका आधीच कमी करण्याला. आपण भांडतो ते चाळिसांसाठी. पाणी शिरलं की पंचनामा, यादी, खात्यात पैसे. आमच्याही शेतात तसंच झालं. पैसे आले, माती आली नाही. त्या दहा आणि वीस रुपयांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेलगळती तर केंद्राच्या आपत्तींच्या यादीतही नाही. केरळला एल्सा बुडाल्यावर ती राज्यापुरती आपत्ती जाहीर करावी लागली, तेव्हा कुठे निधीला हात घालता आला.

म्हणून एक काम. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा असतो. वाशिमचा मागा. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांनो, रायगडचा, रत्नागिरीचा, सिंधुदुर्गचा मागा. त्यात दोनच गोष्टी बघा: तयारीसाठी गेल्या वर्षी काय घेतलं, आणि शेवटचा सराव कधी झाला. जे सापडेल ते मला कळवा, त्यावर एक भाग करू.

काकांनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मंग आपल्या नाल्याचं कोणत्या रुपयात बसते?" वीसातल्या, काका. ग्रामसभेत हेच विचारायचं ठरलंय.

भेटू पुढच्या भागात.