कंडेन्सर: छोटा भाग, मोठी अडवणूक

धुळे–सोलापूर महामार्गावर पाचोडच्या आसपास भर मे महिन्यात जुनी प्रीमियर पद्मिनी बंद पडली, की संशय आधी कार्बोरेटरवर जातो. तो खोलून साफ होतो, मग पेट्रोलपंप, मग कॉइल. तोवर इंजिन थंड झालेलं असतं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबते.

कुर्ल्यात बनलेल्या या गाडीच्या 1089 सीसी इंजिनात डेल्कोला (डिस्ट्रिब्यूटरला) स्क्रूने बसवलेला कंडेन्सर जेमतेम अंगठ्याएवढा असतो, पण अशा वेळी खरा दोष पुष्कळदा त्याचाच असतो. डेल्कोमधले पॉइंट (संपर्कबिंदू) उघडताच कॉइलमधला प्रवाह झटकन तुटावा लागतो. तरच प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. त्या क्षणी उसळणारी वीज कंडेन्सर सामावून घेतो. तो निकामी झाला की ठिणगी पॉइंटवरच उडते. पॉइंट जळतात, इंजिन मिसिंग करतं, सायलेन्सरमधून बार निघतात. कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन पुष्कळदा तापल्यावरच दगा देतं, म्हणून थंड गाडीत दोष सापडत नाही.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी डेल्कोचं झाकण काढून पॉइंट पाहा. काळे-जळके दिसले तर कंडेन्सर बदला. नवा आहे म्हणून डोळे झाकून भरवसा नको. नवाही सदोष निघू शकतो. चांगला चालणारा जुना मात्र फेकू नका, पान्यांसोबत डिकीत ठेवा.