वाडा उतरवताना

संपादकांनी मला यंत्र बघायला पाठवलं होतं. एकेका पेशीतला आरएनए वाचण्याची सोय पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आहे, तिथं नेमकं चालतं तरी काय ते लिहा, एवढाच निरोप. यंत्र पाहून हिरमोड झाला. मायक्रोवेव्हएवढा डबा, त्याला एक खण. खणात तळहाताएवढी प्लास्टिकची चिप ठेवायची, बटण दाबायचं, वीसेक मिनिटांनी काढून घ्यायची. यावर लिहायचं काय?

मग शेजारच्या टेबलाकडे लक्ष गेलं. तिथल्या तंत्रज्ञ मॅडम बर्फात रोवलेल्या काचेच्या नळीत काचेचाच दांडा वर-खाली करत होत्या आणि ओठातल्या ओठात मोजत होत्या. नळीत उंदराच्या गोठवलेल्या किडनीचा तुकडा होता. मोजणी चुकेल म्हणून त्या माझ्याशी बोलेनात. (नाव छापायचं नाही ही त्यांची पहिली अट. दुसरी, बर्फाच्या डब्याला हात लावायचा नाही.)

आधी इतिहास उरकून घेतो. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए जवळपास एकच. त्यातलं कोणती पेशी काय वापरते हे तिच्यातल्या संदेशवाहक आरएनएवरून कळतं. जुनी, आणि आजही भरपूर वापरातली, रीत म्हणजे ऊतीचा अख्खा तुकडा विरघळवायचा आणि सगळा आरएनए एकत्र वाचायचा. हा कोठीघराचा हिशोब झाला. गावजेवणाला किती पोती तांदूळ लागला ते कळतं, कोणत्या पंगतीत कोण काय जेवलं ते नाही. आजारी किडनीत एखाद्या जनुकाचा आरएनए दुप्पट दिसला, तर त्या पेशी दुप्पट जोमानं कामाला लागल्या, की बाहेरून तसल्या पेशींचा लोंढा आत शिरला? कोठीघराच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच. ही रीत स्वस्त आहे, शेकडो रुग्णांचे नमुने तिच्यातून काढता येतात, म्हणून तिला मोडीत काढू नये. पण हा प्रश्न तिला सुटत नाही.

२००९ साली केंब्रिजमध्ये फुचौ तांग आणि अझीम सुरानी यांच्या गटानं उंदराच्या भ्रूणातल्या एकाच पेशीतला आरएनए वाचून दाखवला. एका पेशीत सगळा मिळून आरएनए दहा-वीस पिकोग्रॅम, त्यात संदेशवाहक फक्त काही टक्के. एक पेशी वाचली, आता हजारो कशा वाचायच्या? त्याचं उत्तर मे २०१५ मध्ये ‘सेल’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोनदा आलं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या दोन गटांनी ते वेगवेगळं शोधलं होतं. एकाचं नाव ड्रॉप-सेक, दुसऱ्याचं इनड्रॉप.

इथं मात्र मी रेंगाळणार आहे. चिपच्या आत केसासारख्या बारीक वाहिन्यांचा चौक असतो. समोरून पाणी येतं, त्यात पेशी आणि बारीक मणी तरंगत असतात. दोन्ही अंगांनी तेल येतं आणि पाण्याची धार चिमटीत धरावी तशी तोडतं. ड्रॉप-सेकमध्ये तुटलेला प्रत्येक थेंब साधारण एक नॅनोलिटरचा, म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग. नशिबानं थेंबात एक पेशी आणि एक मणी असे दोघेही सापडले की पेशी फुटते आणि तिचा आरएनए मण्यावरच्या डीएनएच्या धाग्यांना चिकटतो. संदेशवाहक आरएनएला ‘ए’ या अक्षराची लांब शेपटी असते, धाग्याच्या टोकाला ‘टी’ची रांग. ही जोडी जमणारच. शिवाय एका मण्यावरच्या सगळ्या धाग्यांवर एकच संकेतांक असतो. त्यामुळे पुढं थेंब फोडून सगळं एका नळीत ओतलं तरी कोणता रेणू कोणत्या पेशीतला ते सांगता येतं.

पण मण्यागणिक वेगळा संकेतांक लिहिला कुणी? कुणीच नाही. मण्यांचे चार ढीग करायचे. एका ढिगाला ए जोडायचं, दुसऱ्याला सी, तिसऱ्याला जी, चौथ्याला टी. मग सगळे कालवायचे आणि पुन्हा चार ढीग. असं बारा वेळा. चाराचा बारावा घात १,६७,७७,२१६. इतके संकेतांक नुसत्या कालवण्यातून तयार होतात. त्यानंतर ढीग न करता आठ वेळा चारही अक्षरं एकत्र टाकायची, म्हणजे मण्यावरच्या प्रत्येक धाग्याला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि पुढं एका रेणूच्या हजार प्रती निघाल्या तरी तो एकदाच मोजला जातो. हे समजलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

पेशी थेंबात शिरते ती मात्र योगायोगानंच. दहा थेंबांमागे एक पेशी या हिशोबानं सोडल्या, तर शंभरातले नव्वद थेंब बिनपेशीचे जातात आणि ज्यांत पेशी आहे त्यांतल्या शेकडा पाचांत दोन किंवा जास्त कोंबलेल्या असतात. यंत्राला ती एकच पेशी वाटते. अशा जोड्या पकडायला माणसाच्या आणि उंदराच्या पेशी मिसळून सोडतात. एकाच संकेतांकाखाली दोन्ही प्राण्यांचा आरएनए निघाला की चोरी उघड. मी पाहिलेल्या यंत्रात मणी मऊ जेलचे असतात, ते दाटीवाटीनं रांगेत येतात आणि बहुतेक थेंबांत एकेक पोचतो. पेशींना अजून अशी शिस्त लागलेली नाही.

थेंबाची रीत प्रत्येक आरएनएचं फक्त एक टोक वाचते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रिकार्ड सँडबर्ग यांच्या गटाची स्मार्ट-सेक२ ही रीत रेणू लांबीभर वाचते आणि एका पेशीत जास्त जनुकं पकडते. पण तिला प्रत्येक पेशी वेगळ्या खळग्यात ठेवावी लागते, त्यामुळे पेशी थोड्या आणि खर्च मोठा. २०१८ च्या ‘टॅब्युला म्युरिस’ प्रकल्पात उंदराच्या २० अवयवांतल्या एक लाखावर पेशी या दोन्ही जातींच्या रीतींनी वाचल्या. त्याच वर्षी दोन गटांना श्वासनलिकेत आयनोसाइट नावाची पेशी सापडली. शंभरात एखादीच असते, पण सिस्टिक फायब्रोसिस ज्या जनुकात बिघाड होऊन होतो, ते तिच्यात जोरानं चालू असतं. कोठीघराच्या वहीत ती कधी दिसली नसती.

एव्हाना मॅडमची मोजणी संपली होती. यंत्राचं एवढं कौतुक ऐकून त्या म्हणाल्या, ते बिचारं पुढ्यात येईल ते मोजतं, पुढ्यात काय येतं ते विचारा.

आमच्या पेठेत जुना वाडा उतरवताना मी पाहिला आहे. सागवानी खांब आणि तुळया जपून निघतात, बाजारात जातात. पांढऱ्या मातीच्या भिंतींची धूळ होते. विकायला मांडलेल्या ढिगावरून वाड्याचा अंदाज बांधला तर तो अख्खा लाकडाचाच होता असं वाटेल. किडनीचंही तसंच आहे. पेशी सुट्या करायला ऊती ३७ अंशांवर एन्झाइममध्ये ठेवतात. नलिकेच्या पेशी सहज सुटतात. पोडोसाइट या पेशी रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुंत्याला पाय रोवून बसलेल्या असतात. त्या तिथंच राहतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बेंजामिन हम्फ्रीज यांच्या गटानं २०१९ मध्ये उंदराच्या किडनीतली पेशींऐवजी नुसती केंद्रकं वाचली. पोडोसाइट २.४ टक्के निघाल्या. आधीच्या, सुट्या पेशींच्या मोजणीत त्या ०.१२ टक्के होत्या. वीसपट फरक, तोही यंत्राच्या आधीच पडलेला.

दुसरी अडचण मला जास्त अस्वस्थ करून गेली. एन्झाइमच्या त्या तासाभरात पेशी जिवंत असतात. त्या घाबरतात. फॉस आणि जुन यांसारखी ताणाची जनुकं चालू होतात आणि यंत्र ती इमानेइतबारे नोंदवतं. आजाराची खूण म्हणून जे वाचायचं, ते कधीकधी आपल्याच हातांनी दिलेल्या त्रासाचं वर्णन असतं. त्यावर २०१७ मध्ये सिनसिनाटीच्या गटानं थंडीतही काम करणारं एन्झाइम किडनीसाठी वापरलं.

म्हणून ती काचेची नळी. गोठवलेल्या ऊतीतल्या पेशी दांड्यानं फोडायच्या आणि केंद्रकं तेवढी शाबूत ठेवायची. हात जास्त फिरला तर केंद्रकंही फुटतात, कमी फिरला तर गुठळ्या राहतात. गोठलेल्या पेशीला घाबरायला सवड नसते. हृदयाच्या स्नायूपेशी थेंबाच्या वाहिनीत मावतच नाहीत, त्यांची केंद्रकं मावतात. मग केंद्रकंच का वाचू नयेत? कारण तिथंही गळती आहे. पेशीद्रवातला आरएनए हातचा जातो. उंदराच्या किडनीवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत केंद्रकांच्या रीतीत लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी कमी भरल्या, आणि गरम एन्झाइमच्या रीतीत पोडोसाइट. फुटलेल्या पेशींचा आरएनए सगळ्या द्रवात पसरून प्रत्येक थेंबात थोडाथोडा शिरतो, तो वेगळाच. प्रयोगशाळेत त्याला सरळ ‘सूप’ म्हणतात.

वाडा न पाडता मोजायची रीतही आली आहे. २०१६ मध्ये स्टॉकहोमच्या योआकिम लुंडेबर्ग यांच्या गटानं ऊतीचा पातळ काप संकेतांकांच्या ठिपक्यांवर ठेवला आणि आरएनए जागच्या जागी पकडला. ठिपका तेव्हा १०० मायक्रॉनचा होता. पुढं बाजारात आलेल्या व्हिझियममध्ये तो ५५ मायक्रॉनचा झाला. त्यात अनेक पेशी मावतात, म्हणजे ठिपक्यागणिक पुन्हा छोटं कोठीघर. सूक्ष्मदर्शकातून एकेक रेणू टिपणाऱ्या रीती आहेत, पण त्यांत शोधायच्या जनुकांची यादी सहसा आधीच ठरवावी लागते. यादीत नसलेल्याची गाठ पडत नाही.

दुपारी नवी किडनी आली. संशोधक मुलीला पोडोसाइटही हव्या होत्या आणि लिम्फोसाइटही. निरोगी उंदीर असता तर एक किडनी केंद्रकांच्या रीतीला, दुसरी एन्झाइमच्या. पण या प्रयोगात एकाच बाजूची मूत्रवाहिनी बांधलेली होती, त्यामुळे आजारी किडनी एकच. आडवी कापली तर गाभा आणि साल दोन्ही भागांत सारखे येणार नाहीत, असं म्हणत मॅडमनी ती बर्फावर उभी धरली, पातं मधोमध टेकवलं आणि मला दिव्याच्या आड येऊ नका म्हणून सांगितलं.