वृषणाला पीळ पडतो तेव्हा

मध्यरात्री मुलगा कळवळून उठतो. पोटात दुखते, ओकारी येते एवढेच सांगतो. खरे दुखणे कुठे आहे ते सांगायला लाजतो. ओवा आणि शेक यांतच रात्र सरते. १२ ते १८ वर्षांच्या मुलांत असे अचानक दुखणे वृषणाला पीळ पडल्याचे असू शकते. वृषण ज्या दोरीसारख्या शिरेला लोंबते, तिच्यातूनच त्याला रक्त मिळते. ती पिळली की रक्त थांबते. ६ तासांच्या आत शस्त्रक्रियेने पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते. २४ तास उलटल्यावर पुष्कळदा काढूनच टाकावे लागते. दुसरे वृषणही त्याच वेळी टाके घालून स्थिर करतात, कारण तेही पिळू शकते.

दुखणे हळूहळू वाढले, ताप आला, लघवीला जळजळ झाली तर जंतुसंसर्गाचा संभव अधिक. त्यावर प्रतिजैविके लागू पडतात. गालगुंडानंतरही वृषण सुजते. मूतखड्याची कळ तर थेट तिथवर उतरते. मात्र हे निदान घरी करू नये. पोटदुखीच्या मुलाला तिथे दुखते का, हे आईवडिलांनीच विचारावे. 'हो' म्हणाला तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत चहासुद्धा पाजू नये.