रत्नागिरी ते जयगड : एका दिवसाच्या सागरी सफरीआधी भरतीची वेळ का पाहावी?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाण्याचे मुख्य रस्ते दोन. एक महामार्गावरील निवळी फाट्यावरून, तर दुसरा शिरगाव, साखरतरची खाडी, आरे-वारे, नेवरे असा किनाऱ्याने जाणारा. दुसरा रस्ता साधारण २५ किलोमीटरचा आहे, पहिला त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मॅप बहुतेकांना किनाऱ्याचाच रस्ता दाखवतो, आणि तो सुंदरही आहे. मात्र समुद्र कुठे उतरण्यासारखा आहे आणि कुठे लांबूनच पाहावा, हे मॅप सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये याच आरे-वारे किनाऱ्यावर चौघांचा बुडून मृत्यू झाला होता. म्हणूनच सफर आखताना आधी भरती-ओहोटी पाहणे गरजेचे आहे. हॉटेल आणि पेट्रोल त्यानंतर.

भरतीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

कोकणात ही वेळ काढण्याची जुनी पद्धत आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. पंचमी असेल तर ५ गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्या सुमारास पूर्ण भरती, त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरा येतो. चंद्रामुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटे पुढे सरकते, त्यावर हे सूत्र बेतलेले आहे. त्यात तासभर इकडेतिकडे होऊ शकते, त्यामुळे सुट्टीचा दिवस निवडण्यापुरतेच ते वापरावे. नेमकी वेळ हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. मोठ्या लाटांचे इशारेही तिथेच प्रसिद्ध होतात.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीनंतरच्या दिवसांत भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. पहिल्यांदाच जाणाऱ्या, लहान मुले सोबत असलेल्या कुटुंबांना भांगाचे दिवस बरे.

संकष्टीचे गणित वेगळे आहे. चतुर्थीला भरती दुपारी दोन-तीनच्या सुमारास येते. गणपतीपुळ्यात दर्शन आणि जेवण उरकून गर्दी किनाऱ्यावर उतरते तीही याच वेळी. अंगारकी असेल तर हा बेत दुसऱ्या दिवसावर ढकललेला चांगला.

गाड्या वाळूत का अडकतात?

सहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकेच पाणी वाढते. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मे. त्यामुळे ओहोटीला पुळणीवर गाडी उतरवणाऱ्याला पहिला तासभर काहीच घडत नाही असे वाटते. ओली वाळू टणक दिसते, पण चाक जागच्या जागी फिरू लागले की खड्डा पडतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो आणखी खोल होतो. दोरखंड, ट्रॅक्टर शोधेपर्यंत तिसरा तास सुरू झालेला असतो.

इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर गाडी अजिबात सुरू करून पाहू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घेतले नसेल तर साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही. फोटोसाठी गाडी पुळणीवर नेण्याचा मोह हजारो रुपयांना पडतो तो असा.

सफर कशी आखावी?

जाताना किनाऱ्याचा रस्ता, येताना निवळीचा. कारण साधे आहे. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणजे गाडी समुद्राच्या बाजूनेच चालते आणि थांबण्यासाठी समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. शिवाय सकाळी ऊन पाठीमागच्या डोंगरावरून येते, पाणी निळे दिसते. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यांवर येते.

साडेसातला रत्नागिरी सोडली तर सव्वाआठपर्यंत आरे-वारे. घाटाच्या वळणावरून एका नजरेत किनारे, सुरूची बने आणि खाडीचे मुख दिसते. या सफरीतला सर्वांत चांगला देखावा इथेच आहे आणि तो वरूनच पाहायचा आहे. खाली उतरलात तरी खाडीच्या मुखापासून लांब राहावे. ओहोटीत खाडीचे पाणी तिथूनच जोराने समुद्राकडे ओढले जाते. किनाऱ्यावर लाटांच्या रांगेत मध्येच शांत दिसणारा पट्टाही फसवा असतो. लाटांनी आणलेले पाणी बऱ्याचदा तिथूनच परत जात असते. कुणी ओढले गेलेच तर सरळ किनाऱ्याकडे न पोहता आधी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे.

गणपतीपुळ्यात दर्शन आणि टेकडीभोवतीची प्रदक्षिणा यात दीड तास जातो. पुढे मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, अर्धा तास तरी द्यावा. जेवण मालगुंड किंवा गणपतीपुळ्यातल्या घरगुती खाणावळीत. आधी फोन केला तर मोदक गरम मिळतात.

दुपार जयगडसाठी ठेवावी. शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, खंदक आणि बुरूज पाहण्यासारखे आहेत. जवळच नांदिवडे येथे कऱ्हाटेश्वराचे मंदिर अगदी समुद्राच्या कड्याशी आहे. पायऱ्या उतरून गेले की खाऱ्या पाण्यापासून काही पावलांवर गोड्या पाण्याचा झरा लागतो. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाडीसह पलीकडे गुहागर तालुक्यात उतरता येते. हेदवी, वेळणेश्वर मनात असेल तर मात्र मुक्काम धरावा. एका दिवसात ते कोंबले की परतीचा सगळा प्रवास अंधारात होतो.

सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो, मेमध्ये सातच्या सुमारास. जयगडहून खंडाळा, चाफे, जाकादेवी करत निवळीला येणारा रस्ता रुंद असला तरी बंदराची अवजड वाहने त्यावरूनच धावतात. त्यामुळे कऱ्हाटेश्वराला सूर्यास्त पाहून लगेच निघावे.

पावसाळ्यात जावे का?

रस्ता तेव्हा सर्वांत हिरवा असतो, जायला हरकत नाही. पण १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ज्यांचे आयुष्य समुद्रात गेले तेच खलाशी तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. त्या दिवसांत गुडघाभर पाण्यातही उतरू नये.