लकवा आला अन् घराची घडी मोडली. साध्या दिवसाचं मोल तेव्हा कळतं

मुरुड : पहाटे धार, मग चहा, भाकरी, शेत. रोजचंच म्हणून याचं कुणाला काही वाटत नाही. घरातल्या एखाद्याला लकवा आला की लातूरच्या चकरा सुरू होतात अन् ही घडी मोडते.

तोंड वाकडं झालं, एका हातातलं बळ गेलं किंवा जीभ जड झाली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. पुढं महिनोन् महिने व्यायाम लागतो. मग माणसानं स्वतःच्या हातानं चहाचा कप उचलला तरी घराला सण वाटतो.

म्हणून बीपी तपासत राहावं, डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नये. साधा दिवस हीच घराची कमाई.