घामाचा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरचीही भ्रांत असते. हा कोरडा पट्टा पुढे सांगली जिल्ह्यात आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत पसरला आहे. मार्च उजाडला की या भागातील दवाखान्यांत ठरावीक तक्रारी येऊ लागतात. अंगात त्राण नाही, डोके गरगरते, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीला जळजळ होते. घरच्यांचे निदान एका शब्दाचे असते, 'उष्णता'. हा शब्द चुकीचा नाही, पण त्यात शरीराच्या किती यंत्रणा गुंतलेल्या आहेत हे लक्षात आले, तर अनेक आजार घरातच टळतील.

शाळेत मुले रक्ताभिसरण संस्था, उत्सर्जन संस्था, चेतासंस्था अशी निरनिराळी प्रकरणे शिकतात. परीक्षेला ते सोयीचे आहे. शरीर मात्र प्रकरणवार चालत नाही. बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना आतले सदतीस अंशांच्या आसपास राखणे, हे या सर्व संस्थांचे सामाईक काम आहे. आतली स्थिती अशी स्थिर राखण्याला समस्थिती म्हणतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले.

वाळवा किंवा कराड तालुक्यातील उसाचा फड डोळ्यांसमोर आणा. कोयता चालवताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी बराच मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. रक्त तापते. मेंदूतील हायपोथॅलॅमस, म्हणजे पाठ्यपुस्तकातील अधश्चेतक, ते ओळखतो आणि दोन आज्ञा देतो. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात; आणि घर्मग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. मात्र तो उडून गेला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, थंडावा देत नाही. कोकणच्या दमट हवेत म्हणूनच जीव अधिक घाबरा होतो. उलट माण-खटावच्या कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडतो, की आपल्याला घाम आलाच नाही असे माणूस शपथेवर सांगतो. सदऱ्याच्या पाठीवर उमटलेली मिठाची पांढरी रेघ मात्र खरे काय ते सांगते.

कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. ही तूट मूत्रपिंडे सांभाळतात. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत करतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी पूर्वेकडे चढवतात, त्यांचे आपल्याला अप्रूप वाटते. तसाच फेरउपसा प्रत्येकाच्या कमरेत विजेच्या बिलाशिवाय अहोरात्र चाललेला असतो. पाणी कमी पडले की मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकामुळे लघवी घट्ट व गडद होते. परंतु या काटकसरीला मर्यादा आहे. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच.

शरीर उन्हाला सरावते, ही यातील सर्वांत सुंदर गोष्ट. रोज थोडे थोडे उन्हात काम केले, तर एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातील मीठ कमी होते. म्हणून उन्हाळ्याचे पहिले आठवडे जास्त धोक्याचे. पुण्यातील वातानुकूलित कचेरीतून यात्रेसाठी गावी आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी वडिलांच्या बरोबरीने भरदुपारी काम करू नये. यात मर्दुमकीचा प्रश्न येत नाही. वडिलांच्या घर्मग्रंथींची तालीम झालेली आहे, त्याच्या नाही.

इथे एक भेद नीट समजून घ्यावा. संसर्गाने ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर चढवतो. म्हणून थंडी वाजते आणि पॅरासिटामॉलने ताप उतरतो. उष्माघातात पातळी तीच असते, पण ती राखणारी यंत्रणा हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी आहे. अंग तव्यासारखे तापले आहे, तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्ध हरपली आहे, अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता त्याला सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग ओलेही असते.

शुद्धीत असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला मात्र पाण्याबरोबर मीठही हवे. एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीपुरती नसते, ती आतड्यात मिठाला व त्यामागून पाण्याला आत ओढते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच द्रावण पाजून हजारो जीव वाचवले. लिंबू पिळलेले साखर-मिठाचे सरबत किंवा मीठ घातलेले ताकही रोजच्या वापराला उत्तम. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास मिठाचे व पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता एका शरीराकडून लोकसंख्येकडे वळू. एकच ऊन सर्वांना सारखे लागत नाही. आजींची तहानेची जाणीव वयाने बोथट झालेली असते. तान्ह्या बाळाला पाणी मागता येत नाही, शिवाय वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या आजोबांच्या शरीरातून पाणी व मीठ आधीच जात असते. ती गोळी परस्पर बंद करू नये, उन्हाळा लागताच मात्रेविषयी विचारावे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी मोजले. अशा मृत्यूंच्या दाखल्यांवर पुष्कळदा 'ऊन' नसते, हृदयविकार किंवा वृद्धत्व असते. ते दिसतात फक्त संपूर्ण शहराच्या आकड्यात. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा आखला.

आपल्याकडे या हिशेबात सहसा न धरली जाणारी माणसे म्हणजे ऊसतोड कामगार. बीडसारख्या जिल्ह्यांतून ती दिवाळीच्या आगेमागे येतात आणि हंगाम लांबला की एप्रिलपर्यंत फडात असतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर येथे, मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होताना आढळली आहेत. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे, पण उन्हातील अतिश्रम व वारंवार होणारी पाण्याची तूट यांवर दाट संशय आहे. तेथे फडात ठरावीक विश्रांती, सावली व पाण्याची सोय केल्यावर मूत्रपिंडांना होणारी इजा घटल्याचे दिसले.

आपल्या फडातील स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. आडोसा नसल्याने त्या मुद्दाम पाणी कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, प्रतिजैविकांचा आठवडा जातो आणि महिन्याभरात त्याच तक्रारी घेऊन त्या पुन्हा येतात. भरपूर पाणी प्या, हा माझा सल्ला त्यांच्यापुरता निरर्थक आहे. तिथे औषध म्हणजे फडाजवळचे शौचालय, आणि ते लिहून देण्याची सोय माझ्या चिठ्ठीवर नाही. ते कारखान्याने, मुकादमाने आणि ज्याच्या शेतात ऊस उभा आहे त्या बागायतदाराने मिळून द्यायचे आहे. या पाक्षिकाच्या वाचकांत असे बागायतदार निश्चितच आहेत.