भिलाईच्या घरात समुद्र : इपॉक्सी रेझिनची कला आणि तिचे धोके

भिलाईपासून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. छत्तीसगडला किनारपट्टी नाही. असे असले तरी या पोलादनगरीचा समुद्राशी संबंध अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेसाठी ‘सेल’ने सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद पुरवले. ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला या तीन कारखान्यांत तयार झाले होते.

सध्या समुद्र दुसऱ्याच एका मार्गाने अशा शहरांतील घरांत पोहोचला आहे. निळ्या-हिरव्या पाण्याच्या छटा, किनाऱ्यावर फुटणारी पांढरी लाट आणि खाली वाळूचा पट्टा दाखवणारी भिंतीवरील घड्याळे, तबके, नावाच्या पाट्या आणि चहाच्या कपाखालच्या चकत्या इपॉक्सी रेझिनपासून घरच्या घरी बनवल्या जातात. लागणारे साहित्य ऑनलाइन मिळते, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले असण्याची गरज भासत नाही आणि दिवाळीच्या सुमारास विक्रीही होऊ शकते. त्यामुळे हा छंद देशभर लोकप्रिय झाला आहे. मात्र इंटरनेटवरील दोन मिनिटांच्या चित्रफितींत दोन गोष्टी सहसा दिसत नाहीत. एक म्हणजे ज्या शहरात हे काम चालते तेथील हवामान आणि दुसरी म्हणजे काम करणाऱ्याच्या त्वचेला व श्वसनमार्गाला असलेला धोका. भिलाईसारख्या ठिकाणी या दोन्हींचा विचार आधी करावा लागतो.

रेझिन म्हणजे काय

इपॉक्सी मराठी घरांना नवे नाही. दोन नळ्यांतील पदार्थ एकत्र कालवून तुटलेली वस्तू जोडण्याचे अराल्डाइट आणि गळका नळ बुजवण्याचे एम-सील ही इपॉक्सीचीच रूपे आहेत. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तान आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत स्वतंत्रपणे केलेल्या संशोधनातून हा पदार्थ उद्योगात आला. सीबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये अराल्डाइट बाजारात आणले.

कलाकामासाठीचे रेझिनही दोन बाटल्यांत येते. पहिल्या बाटलीत बहुधा बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनवलेले दाट, पारदर्शक रेझिन असते, तर दुसरीत अमाइन वर्गातील हार्डनर असतो. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची ताणलेली कडी असते. हार्डनर ही कडी उघडतो व रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची त्रिमितीय जाळी तयार होते. म्हणूनच रेझिन ‘वाळते’ हा शब्द चुकीचा आहे. त्यातून पाणी किंवा द्रावक उडून जात नाही, तर रासायनिक क्रिया घडून ते घट्ट होते. एकदा तयार झालेली ही जाळी उष्णता देऊन पुन्हा वितळवता येत नाही. भिलाईच्या भट्टीतील पोलाद बिघडले तर भंगार म्हणून पुन्हा भट्टीत जाते. बिघडलेल्या रेझिनला तशी दुसरी संधी नाही.

या क्रियेतून उष्णता बाहेर पडते. पातळ थरातील उष्णता हवेत निघून जाते, पण तेच मिश्रण खोल पेल्यात राहिले तर ते स्वतःच्याच उष्णतेने आणखी वेगाने तापते. पेला हाताला धरवत नाही, प्रसंगी धूर निघतो आणि प्लॅस्टिकचे भांडे मऊ पडते. म्हणून मिश्रण तयार होताच ते पसरट भांड्यात किंवा थेट फळीवर ओतणे हितावह ठरते.

भिलाईचे ऋतू आणि रेझिनची वेळ

बहुतेक उत्पादक २१ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि कोरडी हवा योग्य मानतात. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. एखाद्या रेझिनला २५ अंशांवर काम करण्यासाठी ४० मिनिटे मिळत असतील, तर ३५ अंशांवर ती वीसच्या आसपास येतात आणि ४५ अंशांवर जेमतेम दहा उरतात. मे महिन्यात भिलाईचा पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या काळात दुपारी काम सुरू करणाऱ्याची निळी छटा पूर्ण होण्याआधीच पांढऱ्या लाटेचे मिश्रण पेल्यात घट्ट झालेले असते.

यावर घरोघरी सुचणारा उपाय म्हणजे कूलर, आणि नेमका तोच अडचणीचा आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणजेच खोलीतील दमटपणा वाढवतो. हार्डनरमधील अमाइनची हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी क्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट, धूसर थर येतो. समुद्राचे पाणी त्यामुळे गढूळ दिसते, आणि वरचा पुढचा थर नीट चिकटत नाही. हा थर आलाच तर तो कोमट साबणपाण्याने धुऊन, पुसून, हलकेच घासकागद मारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उन्हाळ्यात काम करायचेच असेल तर एअर कंडिशनर असलेली खोली किंवा पहाटेची वेळ निवडावी आणि बाटल्या आदल्या रात्रीपासून घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवाव्यात.

जूनच्या मध्यानंतर पावसाळी हवेत हीच अडचण कूलरशिवायही येते. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम थांबवणे शहाणपणाचे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत तापमान बरेच खाली येते, तेव्हा उलटा प्रश्न उभा राहतो. रेझिन दाट होते, बुडबुडे वर येत नाहीत, आणि काही वेळा बाटलीत साखरेसारखे पांढरे कण दिसतात. ते खराब झाल्याचे लक्षण नव्हे. झाकण घट्ट लावून बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की कण विरघळतात. मिसळण्यापूर्वी रेझिन पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. एकंदरीत भिलाईत या कामासाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हे दोन काळ सर्वांत सोयीचे आहेत. दिवाळीसाठी वस्तू करणाऱ्यांना यातील पहिला काळ अपुरा पडतो, म्हणून ते बहुधा ओल्या सप्टेंबरमध्ये घाई करतात. तक्रारीही तेव्हाच्या कामाबद्दलच जास्त येण्याचा संभव असतो.

लाट कशी फुटते

प्रथम हिशेब. ३० सेंटिमीटर लांब-रुंद फळीचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते. तिच्यावर १ मिलिमीटर जाडीच्या थरासाठी ९० मिलिलिटर मिश्रण लागते, ३ मिलिमीटरसाठी २७० मिलिलिटर. मिश्रणाचे प्रमाण उत्पादकाने आकारमानाने सांगितले आहे की वजनाने, हे बाटलीवर वाचावे. रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्यामुळे दोन्ही हिशेब एक नसतात. आकारमानाचे २:१ प्रमाण वजनकाट्यावर २:१ मोजले तर हार्डनर जास्त पडतो आणि चित्र कायम चिकट राहते. हार्डनर वाढवल्याने काम लवकर होते, हा समज चुकीचा आहे. मिश्रण तीन ते पाच मिनिटे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळावे. जोरात ढवळल्यास हवा शिरते.

फळी प्लायवूडची किंवा एमडीएफची असेल तर तिला आधी प्रायमर किंवा रेझिनचा पातळ हात द्यावा, अन्यथा लाकडातील हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येत राहते. पाणसळ लावून फळी सपाट करावी. रेझिन समपातळी शोधते, त्यामुळे किंचित उतार असला तरी रात्रीतून समुद्र एका कडेला जमा होतो.

किनाऱ्यासाठी वाळू आणायला समुद्रावर जावे लागत नाही. भिलाईच्या पश्चिमेला, दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते. तिची बारीक, चाळलेली वाळू चालते. धुऊन, उन्हात आणि नंतर तव्यावर पूर्ण कोरडी केल्यावरच ती वापरावी, कारण ओलसर वाळूतून बुडबुडे निघतात. शिवनाथ पुढे महानदीला मिळते आणि महानदी ओडिशात बंगालच्या उपसागराला. तेव्हा या वाळूचा प्रवास समुद्राच्याच दिशेने चाललेला होता.

रंग वाळूकडून खोल पाण्याकडे गडद होत जातात. किनाऱ्यालगत जवळजवळ रंगहीन रेझिन, मग फिरोजी, मग निळा आणि शेवटी नेव्ही ब्लू. रंगाचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावे. ही मर्यादा साधारणतः एकूण वजनाच्या पाच-सहा टक्के असते. ती ओलांडली की रेझिन मऊ राहते. सीमारेषा पुसट होईपर्यंत रंग एकमेकांत ओढावेत. कागदावरच्या चित्रात हे काम कुंचल्याने होते, येथे हातमोज्यातले बोट अधिक उपयोगी पडते.

लाटेचा फेस हा या कलेचा सर्वांत पाहण्यासारखा भाग आहे. जेथे लाट फुटायची तेथे रंगहीन रेझिनची पातळ रेघ ओतली जाते व तिच्या कडेने पांढऱ्या रेझिनची बारीक रेघ. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो आणि तो रेझिनपेक्षा सुमारे साडेतीन पट घन असतो. मग हॉट एअर गन किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने वारा किनाऱ्याच्या दिशेने सोडला जातो. गरम हवेने वरचा थर पातळ होऊन पांढरी रेघ पारदर्शक थरावर पसरते. घनता, दाटपणा आणि पृष्ठताण यांतील फरकामुळे त्या पांढऱ्या पडद्याला भोके पडतात व जाळीदार नक्षी उमटते. मिश्रण पातळ असताना वारा दिला तर पांढरा रंग निळ्यात मिसळून दुधी होतो. उशीर झाला तर तो सरकतच नाही. पातळ मधासारखा दाटपणा आला की वारा द्यावा, आणि भिलाईच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन मिनिटांत निघून जाते. दुसरी लाट पहिला थर चिकटसर असतानाच, म्हणजे बहुधा चार ते सहा तासांत द्यावी. पूर्ण घट्ट झालेल्या थरावर काम करायचे तर आधी घासकागद मारावा लागतो.

त्वचा एकदा नाराज झाली की

या सर्व खटाटोपात ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तो भाग येथे येतो. घट्ट झालेले इपॉक्सी बहुतांशी निष्क्रिय असते, परंतु पातळ रेझिन आणि हार्डनर त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जीचे कारण शोधण्यासाठी जी पॅच टेस्ट करतात, तिच्या प्रमाणित संचात इपॉक्सी रेझिनचा समावेश असतो. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. काही आठवडे किंवा महिने सर्व सुरळीत चालते आणि मग बोटांवर, पापण्यांवर, मानेवर खाज, लाली व फोड दिसू लागतात. एकदा शरीर संवेदनशील झाले की ते बहुधा कायमचे, आणि मग थोडासा संपर्कही पुरेसा होतो. महिन्याला काही हजार रुपये मिळवून देणारा छंद एका दिवशी सोडून द्यावा लागतो. इतकेच नव्हे, तर इपॉक्सी वापरणाऱ्या इतर कामांनाही मुकावे लागू शकते. भिलाईसारख्या औद्योगिक शहरात, जेथे घरातील कोणी रंगकाम किंवा आवरणांच्या कामात असू शकते, तेथे हा तोटा लहान नाही.

‘विषारी नाही’ किंवा ‘वास येत नाही’ अशा शब्दांवर विसंबू नये. वास न येणे म्हणजे धोका नसणे नव्हे. उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मागून वाचावे. हातमोजे नायट्राइलचे हवेत, साध्या लॅटेक्समधून रसायन आत शिरू शकते. साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क बाष्प अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय बाष्पाचे काडतूस बसवलेला मास्क लागतो, आणि घट्ट झालेला तुकडा घासताना धुळीसाठीचा फिल्टर वेगळा. हाताला लागलेले रेझिन थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये. त्यामुळे ते त्वचेत अधिक खोल जाते. साबण आणि पाणी पुरे. बुडबुडे फोडण्यासाठी ब्यूटेन टॉर्च वापरताना जवळ थिनर किंवा सॅनिटायझर नसावे. स्वयंपाकघर, शयनगृह आणि मुलांची खोली यांत हे काम करू नये. खिडकी उघडी ठेवून, पंखा मात्र चित्रापासून दूर वळवून बाल्कनीलगतची खोली निवडावी आणि धूळ बसू नये म्हणून चित्रावर खोके झाकावे.

तयार वस्तूंनाही मर्यादा आहेत. घरगुती तापमानाला घट्ट झालेली अनेक रेझिन ५० अंशांच्या आसपास मऊ पडतात, त्यामुळे वाफाळत्या चहाचा कप चकतीवर ठसा उमटवू शकतो, आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली पाटी उन्हाने वाकते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पारदर्शक भाग काही काळाने पिवळा पडतो. ग्राहकाला वस्तू देताना हे सांगणे आवश्यक आहे. जेवण वाढण्याच्या तबकासाठी तर उत्पादकाने अन्नसंपर्कासाठी तपासलेल्या रेझिनचे प्रमाणपत्र असल्याशिवाय दावा करू नये.

उरलेले पातळ मिश्रण मोरीत, नालीत किंवा बागेत ओतू नये. ते पसरट भांड्यात उघड्या हवेत पूर्ण घट्ट होऊ द्यावे आणि मग सुक्या कचऱ्यात द्यावे. वापरलेले पेले, काड्या आणि हातमोजेही घट्ट झाल्यावरच टाकावेत. न वापरलेली रेझिन आणि हार्डनरची बाटली मात्र घरगुती कचऱ्यात मिसळत नाही. दोन्हींतील उरलेला अंश प्रमाणात एकत्र करून, थोडा थोडा घट्ट करून मगच तिची विल्हेवाट लावावी.